प्रतिमानिदान विभागातील गंभीर दुर्घटना आणि त्यांची हाताळणी : महाराष्ट्रातील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्हा)

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात शोधांचा, संस्थापकांचा आणि संस्थांच्या विस्ताराचा वृत्तांत विपुल आढळतो. रुग्णालयाच्या आवारात रुग्णाला, त्याच्या नातेवाइकाला अथवा कर्मचाऱ्याला झालेल्या अपायाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. अशी घटना घडली की ती चार दिवस वर्तमानपत्रात राहते, पुढे पोलीस ठाण्याच्या दप्तरात जाते आणि अखेर न्यायालयाच्या तारखांमध्ये विरून जाते. त्या घटनेतून शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालयाने काय घेतले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

१९९९ साली अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने वैद्यकीय प्रमादांविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात मांडलेला होता. या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून महत्त्वाचे होते ते त्या अहवालाचे प्रतिपादन. बहुतेक चुका वाईट माणसांमुळे घडत नसून, चांगल्या माणसांना सदोष व्यवस्थेत काम करावे लागल्यामुळे घडतात, असे त्याचे सांगणे होते. ऑक्टोबर २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी जागतिक आघाडी स्थापन केली आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

या पार्श्वभूमीवर क्ष-किरण, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय. आणि सोनोग्राफी यांचा समावेश असलेल्या प्रतिमानिदान विभागातील गंभीर दुर्घटना महाराष्ट्रात कशा हाताळल्या गेल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयात २०२१ साली घडलेली घटना या विभागातील नव्हती. तथापि दुर्घटनेनंतर शासन, पोलीस व रुग्णालय यांनी जो मार्ग अवलंबिला, त्याचे स्वरूप या घटनेत स्पष्ट दिसते. म्हणून तिचा येथे विशेष विचार केला आहे.

क्ष-किरणांचा पूर्वेतिहास : कर्मचाऱ्यांच्या बलिदानातून नियम

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी या किरणांचा उपयोग करण्यात आला. शोधाचा प्रसार जितका वेगाने झाला, तितक्याच वेगाने त्याचे दुष्परिणामही दिसू लागले. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचे हात या किरणांनी जळाले, ते कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी या क्षेत्रातील काम सोडून दिले. १९३६ मध्ये हॅम्बुर्ग येथे क्ष-किरणांमुळे प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती.

या मृत्यूंतून नियम जन्माला आले. १९२१ साली ब्रिटनमध्ये क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती स्थापन झाली आणि १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय समिती अस्तित्वात आली. भारतात अणुऊर्जा कायदा १९६२ चा. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली आणि २००४ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाचे सुधारित नियम लागू झाले. क्ष-किरण यंत्राची नोंदणी, सी. टी. यंत्राचा परवाना, खोलीच्या भिंतींची जाडी, शिशाचे अ‍ॅप्रन, कर्मचाऱ्याच्या छातीवरील किरणमापक बिल्ला आणि किरणसुरक्षा अधिकारी ही सर्व व्यवस्था या परंपरेतून आलेली आहे. आज तालुक्याच्या गावातील लहानशा क्ष-किरण केंद्राच्या दारावर जी धोक्याची खूण दिसते, तिच्यामागे असा दीर्घ इतिहास आहे.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. किरणोत्सर्गाच्या बाबतीत काही विपरीत घडल्यास त्याची तांत्रिक चौकशी करणारी, पोलिसांहून वेगळी अशी यंत्रणा देशात आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० च्या स्रोतामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. तेव्हा हा स्रोत कोठून आला, कोणत्या संस्थेच्या ताब्यात होता आणि नोंदी कोठे तुटल्या, याचा माग काढण्यात नियामक मंडळाने प्रमुख भूमिका बजावली. चौकशीचा रोख व्यवस्थेतील तुटलेल्या दुव्याकडे वळू शकला, कारण तसा रोख असलेली संस्था अस्तित्वात होती.

चुंबकाचे युग आणि एक जागतिक धडा

एम. आर. आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साह्याने ते शरीराच्या आतील चित्र घेते. सर्वसाधारण वापरातील १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. या यंत्रातील चुंबक अतिवाहक तारांचा असून तो द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेला असतो. तो एकदा प्रभारित केला की रात्रंदिवस कार्यरत राहतो. ‘मशीन बंद आहे’ या वाक्याचा अर्थ फक्त तपासणी चालू नाही एवढाच असतो. चुंबक चालूच असतो. तो तातडीने निष्प्रभ करावयाचा झाल्यास हेलियम वायुरूपाने बाहेर सोडावा लागतो. या क्रियेला ‘क्वेंच’ म्हणतात. ती खर्चिक असते आणि तिच्यानंतर यंत्र बराच काळ निकामी राहते.

२७ जुलै २००१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर वैद्यकीय केंद्रात सहा वर्षांच्या एका मुलाची तपासणी चालू असताना प्राणवायूचा लोखंडी सिलिंडर खोलीत आणला गेला. तो चुंबकाकडे खेचला जाऊन मुलाच्या डोक्यावर आदळला व त्याचा मृत्यू झाला. या घटनेनंतर ‘अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी’ने २००२ मध्ये एम. आर. आय. सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विभागाची चार क्षेत्रांत विभागणी करावी, प्रत्येक क्षेत्रात कोणास प्रवेश असावा हे ठरवावे आणि यंत्राच्या खोलीत चुंबकीय धातूची कोणतीही वस्तू जाऊ देऊ नये, ही त्यांतील मुख्य सूत्रे होत. २००८ मध्ये तेथील रुग्णालय मूल्यांकन संस्थेने या विषयावर देशभरातील रुग्णालयांना स्वतंत्र इशारा दिला. एका मुलाच्या मृत्यूतून निघालेला धडा अशा रीतीने लिखित नियमांच्या रूपाने जगभर उपलब्ध झाला.

सी. टी. स्कॅनच्या बाबतीतही असेच घडले. लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या एका विशिष्ट तपासणीच्या यंत्ररचनेत बदल करण्यात आला. त्यामुळे सुमारे १८ महिने रुग्णांना अपेक्षेच्या आठपट किरणमात्रा मिळत राहिली. ऑगस्ट २००९ मध्ये एका रुग्णाने केस गळत असल्याची तक्रार केली, तेव्हा ही बाब उघडकीस आली. बाधित रुग्णांची संख्या त्या वेळी २०६ सांगण्यात आली. २०१० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून प्रत्येक सी. टी. तपासणीतील किरणमात्रेची नोंद करणे आणि अतिमात्रा झाल्यास शासनास व रुग्णास कळविणे बंधनकारक केले.

खारघर २०१४ आणि मुंबई २०१८

नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत एम. आर. आय. यंत्राकडे प्राणवायूचा सिलिंडर खेचला गेला. एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये अडकले. ते सुमारे चार तास त्याच अवस्थेत होते. चुंबक निष्प्रभ करणारी आणीबाणीची कळ वेळेवर कामी आली नाही, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. दोघांचे प्राण वाचले. परंतु इजा गंभीर होती.

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबई महानगरपालिकेच्या बा. य. ल. नायर रुग्णालयात याच प्रकारची घटना प्राणघातक ठरली. नात्यातील एका रुग्ण महिलेसोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एम. आर. आय. खोलीत गेला. यंत्र बंद आहे, सिलिंडर आत नेला तरी चालेल, असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितल्याचे नातेवाइकांचे म्हणणे होते. सिलिंडरसह तो यंत्राकडे ओढला गेला. सिलिंडरमधून सुटलेला प्राणवायू त्याच्या शरीरात शिरला आणि थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा नोंदवून एक डॉक्टर, एक वॉर्डबॉय आणि एक आया यांना अटक केली. राज्य शासनाने मृताच्या कुटुंबास ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

या दोन घटनांमध्ये तीन वर्षांहून थोडा अधिक काळ आणि सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरचे अंतर आहे. वस्तू तीच, यंत्राचा प्रकार तोच आणि सिलिंडर आत जाण्याची वाटही तीच. न्यूयॉर्कमधील घटना तर त्याहून कितीतरी आधीची. ज्ञान उपलब्ध होते. ते वॉर्डबॉयपर्यंत, आयेपर्यंत आणि रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाचीही ठरलेली नव्हती. सार्वजनिक रुग्णालयांत नातेवाईक हा विनावेतन कर्मचारीच असतो. स्ट्रेचर ढकलणे, बाटली धरणे, सिलिंडर उचलणे ही कामे त्याच्याकडे येतात. परदेशी मार्गदर्शक तत्त्वांत गृहीत न धरलेला हा घटक भारतीय परिस्थितीत निर्णायक ठरतो.

नियमनातील पोकळी

येथे एक ऐतिहासिक विसंगती लक्षात येते. क्ष-किरण व सी. टी. यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतात, कारण त्यांच्यात आयनकारी किरणोत्सर्ग असतो. सोनोग्राफी यंत्रावर शासनाची करडी नजर असते; परंतु ती लिंगनिवड रोखण्यासाठी. महाराष्ट्राने १९८८ मध्ये यासंबंधी देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीचा विहित नमुन्यातील अर्ज आणि यंत्र मोहोरबंद करण्याचे अधिकार अशी काटेकोर व्यवस्था त्यातून उभी राहिली. समाजाला गरज पटली की शासन यंत्राच्या खोलीपर्यंत पोहोचू शकते, याचा हा पुरावाच होय. एम. आर. आय.चा चुंबक मात्र या दोन्ही कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

ही पोकळी भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले. २००५ मध्ये रुग्णालयांच्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची स्थापना झाली व त्याच्या निकषांत गंभीर घटनांच्या विश्लेषणाचा समावेश झाला. परंतु हे मूल्यांकन ऐच्छिक आहे. जुलै २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१७ मध्ये वैद्यकीय उपकरणांचे नियम करण्यात आले आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा प्रसिद्ध केला. कागदावरील ही प्रगती निश्चितच महत्त्वाची आहे. परंतु यंत्राच्या खोलीत सिलिंडर घेऊन जाणाऱ्या माणसाला दारातच थांबविणारी व्यवस्था या कागदांतून आपोआप निर्माण होत नाही.

अहमदनगर २०२१ : जिल्हा रुग्णालयातील आग

६ नोव्हेंबर २०२१ हा भाऊबीजेचा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमारास अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली. त्या वेळी विभागात १७ रुग्ण होते. त्यांतील ११ जणांचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले, मृतांच्या वारसांना साहाय्य जाहीर झाले. दोन दिवसांत जिल्हा शल्यचिकित्सकांसह चौघांना निलंबित करण्यात आले व दोन परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. त्यानंतर पोलिसांनी एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अशा चौघींना अटक केली. परिचारिकांच्या संघटनांनी या अटकेचा निषेध केला.

या घटनेचा विचार करताना तिच्या आधीचे वर्ष विसरून चालत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बालके दगावली होती. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचे आदेश निघाले. २३ एप्रिल रोजी विरार येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून पहिल्याच दिवशी १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. म्हणजेच अहमदनगरची घटना घडली, तेव्हा राज्याला दहा महिन्यांपूर्वीचा स्पष्ट इशारा मिळालेला होता. अहमदनगरच्या रुग्णालयात आग आपोआप विझविणारी फवारा यंत्रणा नव्हती, असे अग्निशमन विभागाच्या हवाल्याने त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. परीक्षणाचा कागद आणि भिंतीवरील नळ यांच्यामध्ये अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा व बांधकाम खाते अशी दीर्घ साखळी असते. त्या साखळीतील कोणत्या टप्प्यावर काम अडले, हा चौकशीतील मूलभूत प्रश्न होय. अटक झालेल्या परिचारिका त्या साखळीत कोठेच नव्हत्या.

आग लागली तेव्हा उपस्थित कर्मचाऱ्यांनी काय केले, कोण जागेवर होते, कोण नव्हते, याची चौकशी होणे रास्तच आहे. अकरा कुटुंबांना त्याचे उत्तर मिळण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु एवढीच चौकशी झाली, तर पुढच्या आगीच्या वेळी दुसऱ्या परिचारिका जागेवर असतील आणि फवारा तेव्हाही नसेल. नायर रुग्णालयातील घटनेशी या घटनेचे साम्य येथे आहे. दोन्ही ठिकाणी यंत्र, इमारत आणि कार्यपद्धती यांचे प्रश्न कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या वर्तनाच्या प्रश्नात रूपांतरित झाले.

दंडविधान आणि उतरंड

५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. योगायोग असा की हा खटलाही प्राणवायूच्या सिलिंडरचाच होता. १९९५ मध्ये लुधियाना येथील रुग्णालयात एका अत्यवस्थ रुग्णासाठी आणलेला सिलिंडर रिकामा निघाला आणि रुग्ण दगावला. न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई रद्द केली. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे, तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि डॉक्टरला केवळ रीत म्हणून अटक करू नये, अशी तत्त्वे न्यायालयाने घालून दिली.

ही तत्त्वे डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून मांडलेली होती. परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ, वॉर्डबॉय यांच्यासाठी तितके स्पष्ट संरक्षण निर्माण झाले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ही दरी अधिक रुंद केली. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास सर्वांनाच कमाल २ वर्षांची शिक्षा होती. नव्या कलमात ती ५ वर्षे झाली. वैद्यकीय उपचार करताना मृत्यू घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी मात्र २ वर्षांची मर्यादा ठेवण्यात आली. व्याख्येनुसार ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरतीच आहे. एकाच खोलीत, एकाच घटनेत सहभागी असलेल्या डॉक्टरला एक मर्यादा आणि तंत्रज्ञाला दुसरी, अशी ही स्थिती आहे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. परंतु दंडविधानात त्याचे प्रतिबिंब पडले नाही.

दुर्घटनेनंतरची शास्त्रशुद्ध हाताळणी

इतिहासातील या घटनांवरून दुर्घटनेनंतरच्या हाताळणीचा एक क्रम मांडता येतो. प्रथम जीव वाचविणे. त्यासाठी क्वेंचची कळ कोठे आहे आणि ती कोणी दाबावी हे विभागातील प्रत्येकास आधीच ठाऊक असले पाहिजे. त्यानंतर खोली जशी आहे तशी सुरक्षित ठेवणे, यंत्रातील नोंदी व त्या दिवसाच्या कामाचे वेळापत्रक जतन करणे. तिसरी बाब म्हणजे नातेवाइकांना त्याच दिवशी, जबाबदार अधिकाऱ्याने, साध्या भाषेत जे घडले ते सांगणे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत होणाऱ्या तोडफोडीच्या मुळाशी अनेकदा मृत्यूपेक्षाही मौन असते. चौथी बाब कर्मचाऱ्यांची. अशा घटनेत हात असलेला कर्मचारीही मानसिकदृष्ट्या खचतो; अमेरिकन वैद्य अल्बर्ट वू यांनी २००० साली त्यास ‘दुसरा बळी’ असे म्हटले. पाचवी बाब मूळ कारणांचे विश्लेषण. अमेरिकेतील मूल्यांकन संस्था त्यासाठी ४५ कामकाजाच्या दिवसांची मुदत देते. अखेरची आणि सर्वांत उपेक्षित बाब म्हणजे त्या विश्लेषणाचा निष्कर्ष इतर रुग्णालयांना कळविणे.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. शहरातील जिल्हा रुग्णालय व बूथ रुग्णालय, लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय, विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय यांच्यापासून तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी निदान केंद्रांपर्यंत येथे रुग्णसेवेचे मोठे जाळे आहे. अकोल्याच्या आदिवासी भागातून वा जामखेड-पाथर्डीच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला रुग्ण आणि त्याचा नातेवाईक यंत्राच्या दारावरील इंग्रजी सूचना वाचू शकेलच असे नाही. मराठीतील ठळक सूचना, दारातच धातूची तपासणी, चुंबकास न खेचल्या जाणाऱ्या धातूचे सिलिंडर व स्ट्रेचर आणि नातेवाइकास खोलीच्या बाहेरच थांबविण्याची शिस्त, एवढ्या गोष्टींचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. जिल्ह्यातील सर्व रुग्णालयांनी आपल्याकडील गंभीर व थोडक्यात टळलेल्या घटना नावे वगळून परस्परांना कळविण्याची व्यवस्था जिल्हा पातळीवर उभारता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

समारोप

क्ष-किरणांच्या पहिल्या पिढीने स्वतःचे हात गमावून नियम मिळविले. न्यूयॉर्कमधील एका बालकाच्या मृत्यूने एम. आर. आय.ची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि लॉस एंजेलिसच्या रुग्णांनी एक कायदा दिला. खारघरने मुंबईला काही दिले नाही आणि भंडाऱ्याने अहमदनगरला वाचविले नाही. महाराष्ट्रातील अनुभवाचे सार या दोन विधानांत आहे. दोषी व्यक्तीस शिक्षा होणे हा न्यायाचा एक भाग आहे. तीच घटना दुसऱ्या गावात पुन्हा घडू न देणे हा त्याचा दुसरा भाग. पहिल्या भागासाठी पोलीस आणि न्यायालय आहेत. दुसऱ्या भागाचे उत्तरदायित्व निश्चित करणे हे शासन, वैद्यकीय शिक्षणसंस्था आणि रुग्णालय व्यवस्थापन यांच्यापुढील अपूर्ण काम आहे.